कारचा स्पार्क प्लग निवडताना: आधी नंबर, मग धातू

सुट्या भागांच्या दुकानात मी हा संवाद कितीतरी वेळा ऐकला आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "स्विफ्टचे प्लग द्या." दुकानदार विचारतो, "साधे देऊ की इरिडियम?" गिऱ्हाईक म्हणतं, "चांगले असतील ते द्या." चार खोकी पिशवीत पडतात आणि विषय संपतो. गाडी कोणत्या सालची, इंजिन कोणतं, सीएनजी आहे का, जुन्या प्लगवर काय छापलंय, यातलं काहीच कुणी विचारत नाही.

मग महिन्याभराने गाडी मिसिंग करते, चढावर दम टाकते, आणि दोष पेट्रोलला किंवा सीएनजी किटला दिला जातो. मूळ चूक क्रमाची असते. आपण आधी धातू ठरवतो आणि नंबर दुकानदारावर सोडतो. नेमकं उलट करायचं. प्लगचं माप, त्याची उष्णता झेलण्याची क्षमता आणि गॅप (ठिणगी ज्या फटीतून उडते तिचं अंतर) या तीन गोष्टी इंजिन ठरवतं, त्यात आपल्याला निवड नाही. निवड आहे ती शेवटी, निकेल, प्लॅटिनम की इरिडियम एवढीच. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या.

(डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो. तिथे ग्लो प्लग असतो आणि त्याचं काम वेगळं आहे. हा लेख पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे.)

तयारी

गाडीसोबत आलेलं मालकाचं पुस्तक शोधा. डॅशबोर्डच्या कप्प्यात विम्याच्या कागदांखाली ते बहुतेक वेळा सापडतं. त्यात शेवटच्या पानांवर, तांत्रिक माहितीच्या तक्त्यात, प्लगचा नंबर आणि गॅप दिलेला असतो. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर ते बहुधा मिळतं.

हत्यारं फार लागत नाहीत: प्लगचा खोल सॉकेट (आत रबर किंवा चुंबक असलेला), लांब एक्स्टेन्शन, कॉइलच्या (प्लगला उच्च दाबाची वीज देणारा भाग) बोल्टसाठी सॉकेट (बऱ्याच गाड्यांत १० मिमीचा), फिलर गेज (गॅप मोजायची ठरावीक जाडीची पातळ पानं), टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराने आवळण्यासाठी), आणि प्लगच्या डोक्यावर घट्ट बसेल अशी वीतभर रबरी नळी. टॉर्क पाना विकत घ्यायचा नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणा, पण फिलर गेज स्वतःचा ठेवा. तो स्वस्त असतो आणि आयुष्यभर पुरतो.

१. गाडी नाही, इंजिन ओळखा

एकाच नावाच्या गाडीत सालागणिक इंजिन बदलतं. स्विफ्टचंच घ्या. आधीच्या पेट्रोल स्विफ्टला चार सिलिंडरचं इंजिन होतं, २०२४ पासूनच्या नव्या स्विफ्टला तीन सिलिंडरचं आहे. प्लगची संख्यासुद्धा वेगळी, मग नंबर एक कसा असेल? उलट उदाहरण होंडा सिटीचं. त्या गाडीच्या आय-डीएसआय इंजिनात दर सिलिंडरला दोन प्लग आहेत, म्हणजे चार सिलिंडरला एकूण आठ. चारच बदलून पैसे घेणारे आणि देणारे दोघेही मी पाहिलेत.

आणखी एक घोटाळा नावाचा. मारुतीच्या काही इंजिनांवर 'ड्युअल जेट' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ दर सिलिंडरला दोन इंजेक्टर, म्हणजे इंधन फवारणारे भाग. प्लग एकच असतो.

कागदावर चार ओळी लिहून घ्या: मॉडेल आणि उत्पादनाचं साल, इंजिनाचं नाव किंवा कोड, सिलिंडर किती, इंधन कोणतं (सीएनजी असेल तर कंपनीचं की नंतर बसवलेलं). हा कागद दुकानात सोबत न्यायचा.

२. खरेदीआधी जुने प्लग काढून पाहा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. नवे प्लग आणायचे आणि मग जुने काढून फेकायचे, अशी सवय. पण जुना प्लग इंजिनाचा हालहवाल सांगतो, आणि तो ऐकल्याशिवाय नवा विकत घेणं म्हणजे तपासणी न करता औषध आणणं.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. सकाळी गाडी सुरू करण्याआधीची वेळ सर्वांत चांगली. हेड (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतो) ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग फिरवला तर आटे खरवडून निघण्याची भीती असते.

कॉइलला जोडलेला विजेचा कनेक्टर सोडवा, बोल्ट काढा, कॉइल थोडी फिरवून सरळ वर ओढा. प्लग ज्या विहिरीत बसलेला असतो तिथे आधी हवा मारा. कंप्रेसर नसेल तर सायकलचा पंप चालतो. माती, वाळू, वाळलेलं पान असं काहीबाही तिथे साठलेलं असतं आणि प्लग निघाला की ते थेट सिलिंडरमध्ये पडतं. पावसाळ्यात किंवा इंजिन धुतल्यावर तिथे पाणीही साठलेलं सापडतं.

प्लग एकेक करून काढा आणि सिलिंडरच्या क्रमाने पुठ्ठ्यावर मांडा. पुठ्ठ्यावर १, २, ३, ४ असे आकडे घाला. क्रम विसरला तर वाचनाला काही अर्थ उरत नाही.

आता उजेडात नीट बघा. मधल्या पांढऱ्या चिनीमातीच्या टोकावर फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर तुंबलाय, किंवा गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांपलीकडे चालत नाही. तेलकट ओला काळा थर असेल तर इंजिन तेल आत येतंय. पांढरं फटक टोक, त्यावर बारीक फोड किंवा इलेक्ट्रोड (ठिणगी पडते ते धातूचं टोक) वितळल्यासारखा दिसत असेल तर इंजिन जास्त तापतंय. टोक कोरडं पण प्लगच्या विहिरीत आणि वरच्या भागावर तेल असेल, तर वरच्या झाकणाचे सील गळताहेत. आधी सील बदला, नाहीतर नव्या कॉइलचे रबरही फुगून खराब होतील.

षट्कोनी भागाच्या लगेच वर चिनीमातीवर फिकट तपकिरी कडं दिसतं, त्याची काळजी नको. उच्च दाबाच्या विजेमुळे आसपासचे तेलाचे कण तिथे चिकटतात. मात्र वरून खाली गेलेली काळी बारीक रेघ दिसली तर तो प्लग आणि त्यावरचं रबर दोन्ही बाद. वीज टोकाकडे न जाता बाहेरून उडी मारते आहे, असा त्याचा अर्थ.

सावध: चारपैकी एकच प्लग वेगळा दिसत असेल तर दोष त्या सिलिंडरचा आहे, प्लगच्या प्रकाराचा नाही. महागडे प्लग घालून तो जाणार नाही.

३. माप: इथे तडजोड नाही

तीन मापं जुळलीच पाहिजेत.

आट्यांचा व्यास. कारमध्ये १४ मिमी सर्वाधिक, नव्या इंजिनांत १२ मिमी, काही ठिकाणी १० मिमी.

आट्यांची लांबी. वॉशर जिथे टेकतो तिथून आट्यांच्या शेवटापर्यंतचं अंतर. १९ मिमी नेहमी दिसतं, २६.५ मिमीही बऱ्याच नव्या इंजिनांत असतं. सर्वांत मोठं नुकसान याच मापात होतं, कारण चुकीचा प्लगही फिरून बसतो आणि गाडी सुरूही होते. आटे जास्त लांब असतील तर ते ज्वलनकक्षात डोकावतात, लालबुंद तापतात, आणि वाईट प्रसंगी पिस्टन किंवा व्हॉल्व्ह त्यांना आपटतो. कमी लांब असतील तर ठिणगी खोबणीत पडते आणि हेडचे उघडे राहिलेले आटे काजळीने भरतात. पुढे योग्य लांबीचा प्लग घालायला गेलात की तो अर्ध्यात अडकतो आणि आटे सोलत आत जातो.

बैठक. प्लगला सपाट वॉशर आहे की निमुळती बैठक आहे, ते बघा. निमुळत्या बैठकीच्या प्लगला वॉशर नसतो. एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

पाना किती नंबरचा लागतो, हेही पाहून ठेवा. पूर्वी २०.८ मिमी असायचा, आता १६ आणि १४ मिमी. अरुंद विहिरीत मोठ्या षट्कोनाचा प्लग आत गेला तरी त्यावर पाना उतरत नाही.

तपासून पाहा: नवा प्लग जुन्याशेजारी टेबलावर उभा करा. दोघांचे वॉशर एका रेषेत धरा. आटे जिथे संपतात ती रेषाही एकच यायला हवी.

४. गरम प्लग, थंड प्लग

नावावरून गैरसमज होतो. गरम प्लग जास्त जोरदार ठिणगी देतो असं नाही. टोकाची उष्णता हेडकडे किती लवकर निघून जाते, एवढाच प्रश्न आहे. चिनीमातीचं नाक लांब असेल तर उष्णता हळू जाते, टोक गरम राहतं, तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर जाते, तो थंड.

प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहायला हवं. त्याखाली काजळी जळून जात नाही, साठत राहते. त्यावर टोक स्वतःच निखारा बनतं आणि ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटतं. त्यातून पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते.

आता दुकानातला सापळा. हीट रेंजचा, म्हणजे प्लग किती गरम किंवा थंड ते सांगणारा, आकडा सगळ्या कंपन्यांत एकाच दिशेने जात नाही. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम होतो. एनजीकेचा ६ साधारण डेन्सोच्या २० च्या आणि बॉशच्या ७ च्या जवळपास येतो. एनजीकेचा ७ हा डेन्सोचा २२, पण बॉशचा ५. त्यामुळे "सातचाच आहे, चालेल" हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबायचं. एका कंपनीऐवजी दुसऱ्या कंपनीचा प्लग घ्यायचा असेल तर त्या कंपनीच्या तक्त्यात तुमच्या इंजिनासमोर काय लिहिलंय ते बघा.

रोज शहरात चालणाऱ्या, कंपनीतून आली तशा असलेल्या गाडीत हीट रेंज बदलायचं कारणच नसतं. ऊन जास्त म्हणून, घाट जास्त म्हणून किंवा पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं म्हणून थंड प्लग घाला, असं सांगणारे भेटतील. गाडीच्या कंपनीने तसं सांगितलं नसेल तर बदलू नका.

५. नंबर वाचायला शिका

एकदा नंबर वाचता आला की दुकानात फसवणूक जवळजवळ थांबते. एनजीकेचा एक ओळखीचा नंबर घेऊ: बी-के-आर-६-ई-११.

सुरुवातीच्या 'बीके'वरून कळतं की आटे १४ मिमीचे आणि पाना १६ मिमीचा. 'आर' म्हणजे आत रेसिस्टर आहे. ६ ही हीट रेंज. 'ई' म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी. शेवटचा ११ म्हणजे गॅप १.१ मिमी. शेवटी ९ असेल तर ०.९, आणि ८ असेल तर ०.८. याच नंबरात 'ई'नंतर 'आयएक्स' आलं की तो इरिडियमचा. बाकी अक्षरं तीच राहिली म्हणजे माप आणि हीट रेंजही तीच राहिली.

यातला 'आर' हलक्यात घेऊ नका. आतला रेसिस्टर, साधारण पाच हजार ओहमचा, ठिणगीमुळे होणारा विद्युत गोंगाट दाबतो. बिनरेसिस्टरचा प्लग घातला तर रेडिओ खरखरतो इतकंच होत नाही. इंजिनाचा संगणक आणि सेन्सर यांच्या संदेशातही गडबड होऊ शकते. आजच्या कुठल्याही इंजेक्शनच्या गाडीत 'आर' असलेलाच प्लग हवा.

६. आता धातू

इथपर्यंत सगळं नक्की झालं असेल तरच या पायरीवर या.

'कॉपर प्लग' हे नाव फसवं आहे. तांबं आतल्या गाभ्यात असतं, उष्णता वाहून नेण्यासाठी, आणि ते बहुतेक सगळ्याच प्लगमध्ये असतं, इरिडियममध्येसुद्धा. ज्या टोकावर ठिणगी पडते ते या साध्या प्लगमध्ये निकेलच्या मिश्रधातूचं असतं. म्हणून मी त्याला निकेल प्लगच म्हणतो.

निकेल प्लगचं मधलं टोक साधारण २.५ मिमी जाड असतं. नवं असताना त्याच्या कडा धारदार असतात आणि ठिणगी कडेवरून सहज उडते. वीस-तीस हजार किलोमीटरनंतर भिंगातून पाहा: कडा गोल झालेल्या असतात, साबणाची वडी वापरून झिजते तशा. गॅप वाढलेला असतो. मग तीच ठिणगी पाडायला कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. प्लग वेळेवर न बदलता कॉइल जळते ती यामुळे, आणि एक कॉइल चार निकेल प्लगपेक्षा बरीच महाग असते.

प्लॅटिनम झिजायला चिवट. त्याचं टोक १.१ मिमीच्या आसपास बारीक करता येतं. इरिडियम त्याहून कठीण आणि त्याचा वितळणबिंदू सुमारे २४४६ अंश सेल्सिअस (निकेलचा १४५५). त्यामुळे टोक ०.४ ते ०.७ मिमी इतकं बारीक ठेवता येतं. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते आणि टोकाचं धातू ज्योतीची उष्णता कमी शोषतं. थंडीत सुरू होणं आणि आयडलिंगचा एकसारखेपणा यात फरक जाणवतो तो म्हणून.

ढोबळ आयुष्य: निकेल ३० ते ४० हजार किलोमीटर, प्लॅटिनम ६० ते ८० हजार, चांगला इरिडियम लाखाच्या आसपास. पण तुमच्या गाडीसाठी सर्व्हिसच्या तक्त्यात लिहिलेला आकडाच पाळायचा.

कोणता घ्यावा? माझं मत स्पष्ट आहे. कंपनीने इरिडियम किंवा प्लॅटिनम दिला असेल तर निकेलवर उतरू नका. त्या इंजिनाची बदलण्याची मुदत, कॉइल आणि गॅप त्याच धातूच्या हिशोबाने बेतलेले असतात. कंपनीने निकेल दिला असेल तर निकेल पुरेसा आहे, इरिडियम ही सोय आहे, गरज नाही.

हिशोब करून बघा. समजा निकेलचा प्लग २०० रुपये आणि चालतो ४० हजार किलोमीटर. इरिडियम ८०० रुपये, चालतो एक लाख. चार प्लगची मजुरी ४०० रुपये धरली तर निकेलला किलोमीटरमागे ३ पैसे पडतात, इरिडियमला ३.६ पैसे. म्हणजे प्लग वरच्या वर हाताला येत असतील तर निकेल स्वस्त. पण इंजिनाचा वरचा निम्मा भाग उचलल्याशिवाय प्लग दिसतच नसतील आणि मजुरी १५०० रुपये होत असेल, तर निकेल पावणेसहा पैशांवर जातो आणि इरिडियम ४.७ वर. तुमच्या गावातले भाव घालून हेच गणित करा.

मायलेज वाढेल म्हणून इरिडियम घेऊ नका. झिजलेले प्लग काढून नवे निकेल घातले तरी गाडी सुधारते. त्या सुधारणेचं श्रेय लोक इरिडियमला देतात, कारण जुने झिजलेले आणि नवे इरिडियम अशीच तुलना ते करतात.

एका ठिकाणी धातूचा प्रकार खरोखर महत्त्वाचा ठरतो. काही इंजिनांत एक कॉइल दोन सिलिंडरना ठिणगी देते: सिलिंडर चार, पण कॉइल-पॅकमध्ये कॉइल दोनच, आणि तिथून जाड तारा प्लगकडे गेलेल्या. अशा जोडीतल्या एका प्लगमध्ये वीज मधल्या टोकाकडून बाहेरच्याकडे जाते आणि दुसऱ्यात उलट. म्हणून दुसऱ्या प्लगचं बाहेरचं, वाकडं टोक जास्त झिजतं. तिथे फक्त मधल्या टोकावर मौल्यवान धातू असलेला प्लग घेऊन निम्माच उपयोग. दोन्ही टोकांवर प्लॅटिनम, किंवा मध्ये इरिडियम आणि बाहेर प्लॅटिनमची चकती असलेला घ्या.

दोन, तीन किंवा चार बाहेरची टोकं असलेले प्लगही मिळतात. एका वेळी ठिणगी एकाच टोकाकडे जाते. जास्त टोकं म्हणजे झीज वाटली जाते, ताकद वाढत नाही. पुस्तकात तोच लिहिला असेल तर घ्या, नसेल तर सोडून द्या.

७. सीएनजी आणि टर्बो

महाराष्ट्रात सीएनजीच्या गाड्या इतक्या झाल्यात की हा भाग खरं तर सगळ्यात आधी यायला हवा होता. सीएनजी आणि हवेच्या मिश्रणातून ठिणगी उडवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर जो प्लग कसाबसा काम भागवतो तो सीएनजीवर लगेच उघडा पडतो. म्हणून सीएनजीच्या गाडीत प्लग, कॉइल आणि रबर तिन्ही चांगल्या अवस्थेत हवेत, आणि प्लग पेट्रोलच्या मुदतीपेक्षा लवकर तपासायला हवेत.

साताऱ्याच्या माझ्या मावसभावाच्या गाडीला नंतर किट बसवलेलं आहे. त्याने मोठ्या हौसेने इरिडियम प्लग घातले. पेट्रोलवर गाडी उत्तम. सीएनजीवर खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की धक्के. गॅरेजमध्ये किटचा रेग्युलेटर बदलायचं ठरलं होतं. त्याआधी आम्ही प्लग काढले. दोन नंबरच्या चिनीमातीवर षट्कोनापासून वर गेलेली केसासारखी काळी रेघ होती, आणि त्याच जागी कॉइलच्या रबराच्या आतही तशीच रेघ. गॅप मोजला तर १.१ मिमी. किटसोबत आलेला कागद फाइलमध्ये होता, त्यावर ०.८ लिहिलेलं. तो कुणी वाचलाच नव्हता. तितक्या गॅपचे नवे प्लग आणि एक रबर, एवढ्यावर काम भागलं. रेग्युलेटर आजही तोच आहे.

कंपनीतून सीएनजी आलेली गाडी असेल तर सीएनजी आवृत्तीच्या पुस्तकातला नंबर आणि गॅप घ्या, त्याच मॉडेलच्या पेट्रोल आवृत्तीतला नाही. नंतर किट बसवलं असेल तर किटचा कागद पाहा. सहसा गॅप पेट्रोलपेक्षा ०.१ ते ०.२ मिमी कमी सांगितलेला असतो.

टर्बो पेट्रोल इंजिनात सिलिंडरमधला दाब जास्त, म्हणून गॅप लहान आणि प्लग सहसा थंड. तिथे पुस्तकातला नंबर सोडून प्रयोग अजिबात नकोत.

८. खरेदी

नकली प्लग बाजारात आहेत, आणि महागडे इरिडियम जास्त नक्कल होतात. पुण्यात नाना पेठेत किंवा तुमच्या शहरातल्या अशाच बाजारात पक्कं बिल देणारं दुकान शोधा आणि खोकं तिथेच उघडा. चिनीमातीवरची छपाई सुबक, आटे गुळगुळीत आणि चकचकीत, वॉशर हाताने निघून न येणारा, बाहेरचं टोक मधल्याच्या बरोबर डोक्यावर. इरिडियमचं बारीक टोक तिरकं दिसलं तर परत करा. खोक्यावरचा आणि प्लगवरचा नंबर अक्षरशः एकच हवा.

सगळे प्लग एकाच वेळी, एकाच प्रकारचे बदला. आणि प्लग फरशीवर पडला तर तो वापरू नका, वरून धड दिसला तरी. चिनीमातीला आत बारीक तडा गेलेला डोळ्यांना दिसत नाही.

९. गॅप मोजा

"आधीच सेट केलेले असतात" हे खरं आहे, पण वाटेत आदळआपट होते. प्रत्येक प्लग मोजा. फिलर गेजचं योग्य पान हलक्या घर्षणासह सरकायला हवं, त्याच्या पुढचं जाड पान आत जायला नको.

निकेलमध्ये फरक असेल तर फक्त बाहेरचं टोक वाकवायचं, थोडं थोडं. इरिडियम आणि प्लॅटिनममध्ये नाण्यासारखा गोल, कडेची जाडी वाढत जाणारा गेज मध्ये घालून पिळू नका. बारीक टोक तुटतं किंवा त्यावरचा धातूचा ठिपका निघतो. तिथे वेगळ्या गॅपची गरज असेल तर तोच गॅप असलेला नंबर मागा.

१०. बसवणे

इंजिन थंडच हवं. प्लगच्या डोक्यावर रबरी नळी चढवा, विहिरीत सोडा, आणि आधी उलटा फिरवा. आटा आट्यावर येऊन बसल्याची बारीक 'टक' बोटांना जाणवते. मग सरळ फिरवा. नळीने निदान चार-पाच फेरे सहज जायला हवेत. जात नसेल तर नळी निसटते आणि आटे वाचतात. पाना लावून सुरुवात केली तर हा इशारा मिळत नाही.

शेवटी टॉर्क पाना. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये, वॉशर असलेल्या प्लगसाठी: १४ मिमीला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०, १० मिमीला १० ते १२. पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो घ्या. टॉर्क पाना नसेल तर १४ मिमीचा नवा प्लग बोटांनी टेकेपर्यंत आवळून मग अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. जुनाच प्लग परत बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा घड्याळाच्या काट्याने बारावरून एकवर जावं एवढंच.

सावध: आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावू नका. बहुतेक नव्या प्लगच्या आट्यांवर आधीच लेप असतो. वरून ग्रीस लावलं की त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो आणि आटे ताणले जातात.

कॉइलचं रबर आतून कोरड्या कापडाने पुसा. चीर किंवा काळी रेघ असेल तर बदला. कोकणात खाऱ्या हवेने कॉइलच्या आतली स्प्रिंग गंजते, तीही पाहा. रबराच्या तोंडाशी आतून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात दिला तर पुढच्या वेळी कॉइल ओढताना रबर फाटत नाही. कॉइल ज्या सिलिंडरची होती तिथेच लावा, कनेक्टर 'टक' होईपर्यंत दाबा.

११. बसवल्यावर

गाडी सुरू करा आणि बॉनेट उघडं ठेवून मिनिटभर ऐका. आयडलिंग एकसारखं हवं. 'फस् फस्' आवाज येत असेल तर एखादा प्लग ढिला आहे. इंजिनाचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी-०३०१ ते पी-०३०४ यांपैकी कोड आला, तर शेवटचा आकडा सिलिंडर सांगतो. त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्याशी बदलून बघा. कोड कॉइलसोबत सरकला तर कॉइल खराब, तिथेच राहिला तर प्लग किंवा त्या सिलिंडरचं दुसरं काही.

सीएनजी असेल तर चाचणी सपाट रस्त्यावर घेऊ नका. चढ शोधा, वरच्या गिअरला कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबा. प्लगवर सर्वांत जास्त ताण तिथे येतो.

साधारण पाचशे किलोमीटरनंतर एक प्लग काढून टोकाचा रंग पाहा आणि जुन्या पुठ्ठ्यावरच्या प्लगशी ताडून बघा. मग त्याच पुठ्ठ्यावर नवा नंबर, गॅप, तारीख आणि मीटरचा आकडा लिहा आणि तो पुठ्ठा मालकाच्या पुस्तकात घडी करून ठेवा.